बाबांचे कान आणि माझी गाडी

"बंद पडली मरे!"

नव्या गाडीत बसल्यावर बाबांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य. साखळीच्या बाजारात पुढचा टेंपो अचानक थांबला म्हणून मी ब्रेक दाबला, इंजिन गप्प झालं आणि मागच्या सीटवरून हे उद्गार आले. मी मोठ्या ऐटीत सांगितलं की बंद नाही पडली, चालू आहे. त्यावर बाबांनी विचारलं, "चालू आसा तर आवाज खंय गेलो?"

प्रश्न साधा होता. पण त्याचं नीट उत्तर मला द्यायला जवळजवळ वर्ष लागलं, आणि खरं सांगायचं तर ते शेवटी बाबांनीच मला दिलं.

आमच्या घरात गाडी म्हणजे बाबांचा प्रांत. त्यांनी उभी हयात बस चालवण्यात काढली. आधी खाजगी मालकाची, जिला आमच्याकडची जुनी माणसं अजून 'कारेर' म्हणतात, आणि नंतर कदंबची. रात्रीच्या मुक्कामाची बस घेऊन ते गावोगावी जायचे, देवळाच्या अग्रशाळेत पथारी टाकायचे आणि पहाटे पहिली फेरी काढायचे. आमच्या गावच्या फेरीवर असले की रात्री घरी यायचे. आई सांगते की तेव्हा घड्याळ पाहायची गरजच नसायची. गावाच्या अलीकडची चढण लागली की बाबा तिसऱ्यावरून दुसरा गियर टाकायचे. तो आवाज रात्रीच्या शांततेत घरापर्यंत ऐकू यायचा. तो ऐकला की आई हुमण तापत ठेवायची. दुसऱ्या कोणा ड्रायव्हरने बस आणली असेल तर गियर वेगळा पडायचा आणि आई चुलीजवळ जायची नाही!

अशा माणसाच्या मुलाने कला शाखेची पदवी घेऊन सरकारी खात्यात कारकुनी पत्करली. बाबांना त्याचं दुःख नव्हतं, आनंदच होता. फक्त मला इंजिनाचं काही कळत नाही हे ते अधूनमधून पाहुण्यांना सांगत.

२०२३ च्या चवथीच्या तोंडावर मी ही हायब्रीड गाडी घेतली. बँकेचं सात वर्षांचं कर्ज काढलं. रोज साखळीहून पणजीला जायचं आणि यायचं, पेट्रोलचा खर्च परवडेना, आणि नुसत्या विजेवर चालणारी गाडी घ्यायची हिंमत होईना. पावसाळ्यात आमच्याकडे वीज कधी जाते आणि कधी येते हे वाचकांना वेगळं सांगायला नको. दुकानातल्या पोरसवदा विक्रेत्याने सांगितलं, हिला चार्जिंगला लावायचंच नाही, ती आपली आपण चार्ज होते. मला ते ऐकूनच आवडलं.

आता ही गाडी वागते कशी ते थोडं सांगतो, कारण आमच्या घरातलं पुढचं सगळं भांडण त्यावरूनच झालं.

बटण दाबलं की काहीच होत नाही. म्हणजे समोरच्या पडद्यावर 'रेडी' अशी अक्षरं उमटतात, बस्स. ब्रेक सोडला की गाडी विजेच्या मोटरवर हळूच निघते. जरा जोर मागितला, चढण आली, किंवा बॅटरी खाली गेली की पेट्रोलचं इंजिन आपण होऊन जागं होतं. काम झालं की आपण होऊन झोपतं. ब्रेक दाबला की तीच मोटर उलटं काम करते, चाकांची गती ओढून घेऊन तिची वीज करते आणि बॅटरीत भरते. पर्वरीची उतरण उतरून मांडवी पुलाकडे येताना पडद्यावर बॅटरीचे ठोकळे एकेक करून वाढताना दिसतात. सुरुवातीला मला त्याचं इतकं वेड होतं की बायको म्हणायची, रस्त्याकडे बघा!

ही मोठी बॅटरी फार मोठी असते असा लोकांचा समज असतो. माझाही होता. प्रत्यक्षात ती जेमतेम पाऊण युनिटची निघाली. आपल्या वीजबिलावर असतं ते युनिट. पूर्ण विजेवरच्या गाडीत अशी तीस-चाळीस युनिटं मावतात. म्हणजे ही काही टाकी नव्हे, हे पाण्याचं घागरभर भांडं. सारखं भरायचं, सारखं ओतायचं. तेही काठोकाठ कधी भरू द्यायचं नाही आणि तळापर्यंत कधी रिकामं होऊ द्यायचं नाही, कारण दोन्हीने बॅटरीचं आयुष्य कमी होतं. पडद्यावर सगळे ठोकळे दिसले तरी आत थोडी जागा राखलेली असते.

मग एवढ्याशा भांड्याने पेट्रोल वाचतं कसं? हे मला माझ्या खात्यावरून समजलं. पेट्रोलचं इंजिन भरपूर काम असताना चांगलं काम करतं. थोडं काम असलं की ते खाण्याच्या मानाने फारच कमी देतं, आणि सिग्नलला उभं असताना तर नुसतं खातं. फाइल उघडी ठेवून खुर्चीवर बसलेला आणि पगार चालू असलेला कारकून डोळ्यांसमोर आणा! (मी स्वतः कारकून आहे, मला हे म्हणायचा अधिकार आहे.) हायब्रीडमध्ये इंजिनाला एक तर नीट काम द्यायचं, त्यातून उरलेली ताकद भांड्यात साठवायची, नाही तर त्याला सरळ घरी पाठवायचं. म्हणूनच साध्या गाडीला जिथे जास्त पेट्रोल लागतं त्या थांबत-थांबत चालणाऱ्या शहरातल्या रस्त्यावर हिला कमी लागतं, आणि मोकळ्या महामार्गावर दोघींतला फरक कमी होतो. फक्त घरापासून बाजारापर्यंतची छोटी फेरी हिलाही मानवत नाही. सकाळी पहिल्यांदा काढली की बॅटरी भरलेली असली तरी इंजिन मिनिटभर चालतंच. पाणी आणि धुराच्या नळीतलं धूर शुद्ध करणारं यंत्र तापल्याशिवाय ते झोपायला तयार नसतं.

तापवण्याची ही एकच सवय बाबांना पसंत पडली. पहाटे बस तापवल्याशिवाय त्यांनी कधी काढली नव्हती. बाकी सगळ्यावर हरकत.

म्हापशात गर्दीत उभे होतो, एसी चालू होता. गाडी शांत. आणि एकदम इंजिन सुरू झालं. बाबा दचकले. मी पाय लावला नाही, किल्ली फिरवली नाही, मग सुरू कोणी केलं? खरं तर हिचा एसी इंजिनाच्या पट्ट्यावर नसून विजेवर चालतो, उभ्या उभ्या त्याने भांडं रिकामं केलं, म्हणून इंजिन भरायला उठलं. पण त्या वेळी हे मलाही नीट ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, कॉम्प्युटर करतो सगळं. बाबा म्हणाले, मग तू इथे बसून काय करतोस?

डिसेंबरमध्ये ताईकडे बेळगावला निघालो. पर्ये, केरी, अंजुणे धरण मागे टाकलं आणि चोर्ला घाट लागला. चढणीवर इंजिनाने जो एकसुरी आवाज धरला तो सोडीना. गाडीचा वेग तोच, पण आवाज मात्र चढा. नेहमीच्या गाडीत आवाज चढतो, गियर पडतो, आवाज उतरतो. इथे पायऱ्यांचा गियरबॉक्सच नाही. बाबा मागे अस्वस्थ. त्यांचा डावा हात दोनदा आपोआप पुढे झाला, तिथे दांडा नसतानाही. "आतां गियर बदल मरे, कित्याक मारता तिका?"

खरी वादावादी परतताना झाली. घाट उतरू लागलो आणि दोन-चार कि.मी.तच पडद्यावरचे सगळे ठोकळे भरले. मला कोण आनंद! त्यानंतर मात्र मी ब्रेक दाबला की इंजिन भयंकर ओरडायला लागलं. उतारावर, पेट्रोलवर पाय नसताना! माझ्याही पोटात गोळा आला. बाबा शांतपणे म्हणाले, "गियरांत घाल." मी म्हटलं, या गाडीला गियर नाहीत. ते म्हणाले, असेलच काहीतरी, दांड्यावर बघ. घाटात नुसत्या ब्रेकवर उतरायचं नसतं. आणि तिथे, केरीच्या वरच्या वळणावर, बायको-मुलीसमोर मी त्यांना म्हणालो, "बाबा, तुमच्या बसचं शास्त्र इथे चालत नाही. ते दिवस गेले."

पुढे साखळीपर्यंत कोणी बोललं नाही.

त्यानंतर बाबा माझ्या गाडीत बसले नाहीत. भांडले नाहीत, रुसल्याचं दाखवलंही नाही. डोळ्यांच्या तपासणीला म्हापशाला जायचं होतं तेव्हा ते सकाळीच उठून बसने गेले. मी विचारलं तर म्हणाले, तुझं ऑफिस, कशाला रजा टाकतोस. ऑफिसला सुट्टी होती त्या दिवशी.

पुढे कधीतरी मी गाडीबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक उघडलं. दांड्यावर 'डी'च्या पलीकडे 'बी' असं अक्षर होतं, त्याचा अर्थ मी कधी पाहिलाच नव्हता. लांब उतारासाठी. भांडं भरलं की ब्रेकची वीज ठेवायला जागा उरत नाही. मग गाडी तीच ताकद वापरून इंजिनाला नुसतं फिरवते, पेट्रोल न जाळता. ते ओरडणं म्हणजे इंजिन चाकांना मागे ओढत होतं. आणि 'बी' म्हणजे हेच काम आधीपासून, ठरवून करायचं. म्हणजे गियरात घालून उतरायचं! बाबांनी सांगितलं होतं त्याहून एक अक्षर वेगळं त्या पुस्तकात नव्हतं. मी वाचलं, पुस्तक मिटलं आणि बाबांना काही सांगितलं नाही.

२०२४ ची लोकसभेची निवडणूक आली. आम्हा सरकारी नोकरांना निवडणुकीची ड्युटी म्हणजे काय हे सांगायला नको. प्रशिक्षण, साहित्य, याद्या... गोव्यात मतदान ७ मे रोजी झालं. त्या धावपळीत मी सहकाऱ्याच्या गाडीतून जायचो, माझी गाडी तीन आठवडे घरामागच्या मांगरात उभी. मतदान आटोपल्यानंतरच्या रविवारी मी ती धुतली, पुसली आणि आत बसून दीडेक तास नाट्यगीतं ऐकली. छान शांत वाटत होतं. ब्रेकवर पाय न ठेवता बटण दाबलं होतं, पडदा पेटला, गाणं लागलं, एवढं मला पुरे होतं. 'रेडी' उमटलं होतं की नाही हे पाहिलं नाही. आवाजाची गाडी असती तर कळलं असतं की इंजिन चालू नाही. हिचं चालू असणं आणि नसणं कानाला सारखंच.

त्याच रात्री दोनच्या सुमारास बाबांनी मला हाक मारली. आईला दम्याचा त्रास आहे. उकाडा, आभाळ भरून आलेलं, आणि पंप तीनदा ओढूनही तिचा श्वास बसेना. ओठांचा रंग मला आवडला नाही. मी गाडीकडे धावलो. चावीचं बटण दाबलं, दार उघडेना. त्या चावीच्या पोटात लोखंडी किल्ली असते ती काढून दार उघडलं. बटण दाबलं. पडदा लुकलुकला, कुठेतरी टक-टक-टक असं वाजलं आणि सगळं काळोखात गेलं.

रुग्णवाहिकेला फोन केला, पण ती दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेली होती, यायला वेळ लागणार होता. आवाज ऐकून शेजारचे दोन मुलगे आले. धक्का मारू म्हणाले. पण ही गाडी धक्क्याने सुरू होत नाही, आणि वीज नसताना चाकंही सुटत नाहीत. मी वेड्यासारखा एकच घोकत होतो की बॅटरी भरलेली आहे, मी स्वतः पाहिले होते सहा ठोकळे, पावणेदोनशे व्होल्टची बॅटरी आहे, ती बसेलच कशी...

बाबा टॉर्च घेऊन बाहेर आले. त्यांनी मला पुन्हा बटण दाबायला सांगितलं. टक-टक-टक. त्यांनी मान एका बाजूला कलती केली. मग मला विचारलं, "हॉर्न कितल्या व्होल्टांचो?"

मला काही सुचेना. हॉर्न बारा व्होल्टचा, दिवे बारा व्होल्टचे, सगळ्या गाड्यांत असतात तसेच, असं बहुधा मी बोललो.

"मागीर बारा व्होल्टाची बॅटरी आसतलीच. ती बसल्या. बॉनेट काड."

आणि ती होती! इतर कुठल्याही गाडीत असते तशीच काळी, चौकोनी, साधी बॅटरी. मोठी बॅटरी अपघातात किंवा दुरुस्तीत कोणाला झटका देऊ नये म्हणून गाडी बंद असताना तारांपासून तोडलेली असते. तिला जोडणारा खटका दाबायला, आणि कॉम्प्युटरला जागं करायला, ही छोटी लागते. छोटीच मेली तर मोठी कितीही भरलेली असो, तिच्यापर्यंत पोचायचं कसं? कपाटात पैसे आहेत आणि कपाटाची किल्ली हरवली, तसलं प्रकरण. तीन आठवडे उभी राहून ती अर्धी झाली होती, उरलेली मी नाट्यगीतांवर घालवली.

बाबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत बसच्या दिवसांतल्या जाड केबली होत्या. शेजाऱ्याने पिकअप मांगराशी आणून लावली. आत नारिंगी रंगाच्या तारा दिसल्या त्यांना हात लावायचा नाही एवढंच मला माहीत होतं, तेवढं मी सांगितलं. बाबांनी मान डोलावली. लाल केबल आधी मेलेल्या बॅटरीच्या अधिकाला, मग पिकअपच्या अधिकाला. काळी पिकअपच्या उण्याला, आणि तिचं दुसरं टोक माझ्या गाडीच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. त्यांचे डोळे आता अधू झालेत, टॉर्च माझ्या हातात होता, पण बोटं अडली नाहीत. पाच मिनिटं पिकअप चालू ठेवली. बटण दाबलं. पडद्यावर 'रेडी'.

आईला साखळीच्या इस्पितळात वाफ दिली, सलाईन लावलं. पहाटेपर्यंत ती बोलू लागली. पहिलं काय विचारलं तर, तुम्ही दोघांनी चहा घेतला का. बाबा रात्रभर माझ्या गाडीत बसून आले होते, त्याबद्दल त्यांनाही काही वाटलं नाही आणि मीही काही बोललो नाही.

बोललो ते आठवड्याने. मांगराच्या पायरीवर बसून मी त्यांना 'बी'चं सांगितलं, घाटातलं. त्यांनी नुसतं "हां" केलं. मग म्हणाले, पण इंजिन आणि मोटर दोघं एका चाकाला कशी जुळवलीत ते सांग, ते मला समजत नाही. मी पुस्तकातलं चित्र दाखवलं. मधे एक सूर्य-चक्र, त्याच्याभोवती फिरणारी ग्रह-चक्रं, बाहेर एक मोठं कडं. ग्रहांना इंजिन जोडलेलं, सूर्याला वीज करणारं जनरेटर, कड्याला मोटर आणि चाकं. मला हे पाठ झालं होतं, समजलं नव्हतं. बाबा चित्र टॉर्चखाली धरून बराच वेळ पाहत राहिले.

"हें डिफ्रन्सल," ते म्हणाले.

आणि त्यांनी मला समजावलं. बसच्या मागच्या आसाला मधून एक दांडा फिरवतो, आणि ती फिरकी दोन चाकांत वाटली जाते. किती कोणाला हे ठरलेलं नसतं. एक चाक चिखलात रुतलं आणि दुसरं कोरड्यावर असलं की कोरडं उभंच राहतं, सगळी फिरकी चिखलातलं चाक खाऊन टाकतं. बस तिथेच, चाक गरगर. इथेही तेच, फक्त एका चाकाच्या जागी जनरेटर. तू म्हापशाला गर्दीत उभा होतास ना, तेव्हा रस्त्यावरची चाकं उभी, आणि इंजिनाची सगळी फिरकी जनरेटरला. म्हणजे एक चाक मुद्दाम चिखलात घातलं, आणि त्या चिखलातून वीज काढली! एवढं म्हणून ते हसले. जनरेटरला जेवढं अडवू तेवढी फिरकी रस्त्याकडे जाते, म्हणूनच गियर नाहीत, चढणीवर आवाज एका सुरात तो याच्यासाठी.

मी एम.ए.ला होतो तेव्हा एका प्राध्यापकांनी असं शिकवलं होतं, त्यानंतर आजच.

बाबा आमच्या देवळातल्या सोमवारच्या भजनाला झांज धरतात. मध्यंतरी गाडीतून त्यांना तिथे सोडत होतो. उतारावर इंजिन गप्प झालं. मी वाट पाहत होतो काय म्हणतात त्याची. ते म्हणाले, "ही खाली." मला क्षणभर उमगलं नाही. तबल्याची खाली! डाव्याचा घुमारा जातो, हात हवेत उठतो, पण मात्रा चालूच असतात. नवशिका तिथेच चुकतो, त्याला वाटतं ताल थांबला.

आता दर रविवारी सकाळी बाबाच गाडी चालू करतात. चालवत नाहीत, लायसन कधीच संपलं. ब्रेकवर पाय, बटण, 'रेडी' उमटलं का ते मुलीकडून वाचून घेतात आणि छोटी बॅटरी भरावी म्हणून अर्धा-पाऊण तास तसेच बसतात, आकाशवाणी पणजी लावून. इंजिन आपण होऊन कधी उठलं आणि कधी झोपलं याच्या वेळा ते जुन्या डायरीत टिपतात. ती डायरी मी उघडून पाहिली. गेल्या रविवारी सात वाजून दहा मिनिटांनी उठलं, चौदाला झोपलं. खाली मुलीच्या अक्षरात लिहिलंय, आजो पण झोपला.